दगडी हत्यारं आणि आदिमानवाचं वागणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या इतिहासात अश्मयुग दोन पानांत उरकतं. एक हातकुऱ्हाडीचं चित्र, शेकोटीभोवती बसलेली माणसं आणि आदिमानव शिकार करून पोट भरत होता अशा अर्थाचं एक वाक्य. ते वाक्य कुणी, कशावरून ठरवलं, याचा तिथे पत्ता नसतो. खालचे बहुतेक प्रश्न याच राहिलेल्या जागेतून येतात. उदाहरणं शक्य तिथे दख्खनच्या पठारावरची घेतली आहेत. पुरावा आफ्रिकेत किंवा युरोपात आहे तिथे तिथली.

हाडं सोडून दगडांच्या मागे का लागायचं?

हाडं मिळाली तर हवीच आहेत, पण ती मिळत नाहीत. १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोरा इथे एका प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला. त्या काळातली दुसरी कवटी भारतात आजवर हाती आलेली नाही. दगडी हत्यारं मात्र नदीकाठांवर हजारोंनी पडून आहेत.

लाकूड, कातडं, दोऱ्या, टोपल्या हे सगळं कुजून जातं. दगड कुजत नाही, शिवाय त्याच्यावरचा ठोका पुसता येत नाही. एक तुकडा उडवला की तिथे खाच राहते, पुढचा तुकडा उडवला की दुसरी खाच पहिलीला छेदते. कोणती खाच कोणतीला छेदते हे पाहिलं की ठोक्यांचा क्रम लागतो. लाखो वर्षांपूर्वी कुणीतरी आधी काय केलं आणि मग काय केलं, हे ठोक्यागणिक सांगणारा दुसरा पुरावा आपल्याकडे नाही.

पण हा त्या आयुष्याचा एक कोपरा आहे हे विसरून चालत नाही. दगडापेक्षा लाकडाची अवजारं त्यांच्याकडे जास्त असण्याची शक्यता बरीच आहे. आपण त्या काळाला 'अश्मयुग' म्हणतो, कारण आपल्यापर्यंत अश्मच पोचले.

नुसता फुटलेला दगड आणि माणसाने फोडलेला दगड, फरक कसा ओळखायचा?

चर्ट, अकीक, चकमकीचा दगड, घट्ट बारीक कणांचा बेसॉल्ट यांना कडेजवळ योग्य कोनात ठोका दिला, की एक धारदार तुकडा सुटतो. त्याला छिलका म्हणतात आणि मागे उरतो तो गाभा. छिलक्याच्या आतल्या बाजूला, ठोका बसला त्या जागेखाली, एक फुगवटा दिसतो आणि तिथून बाहेर पसरत गेलेल्या मंद वळ्या दिसतात. उन्हाने तडकलेल्या किंवा थंडीने फुटलेल्या दगडावर हा फुगवटा नसतो.

पुरात दगड दगडावर आपटूनही कधीकधी छिलका सुटतो. म्हणून एका छिलक्यावर कुणी शहाणा माणूस पैज लावत नाही. एकाच दगडावर, एकाच धारेच्या रोखाने, ठरावीक कोनात पाच-सात छिलके काढलेले दिसले, तसे दगड एका जागी अनेक सापडले आणि त्या जागी ते नदीने आणून टाकणं शक्य नसलं, तर गोष्ट वेगळी.

२०१६ मध्ये या निकषांनाच धक्का बसला. ब्राझीलच्या सेरा दा कापिव्हारा राष्ट्रीय उद्यानातली कॅपुचिन माकडं गारेचे गोटे एकमेकांवर आपटतात. त्यातून सुटणारे छिलके माणसाच्या अगदी जुन्या छिलक्यांसारखेच दिसतात. फरक असा, की माकडं ते छिलके वापरत नाहीत. आपटलेला दगड चाटताना मात्र दिसतात. तेव्हापासून 'धारदार छिलका दिसला, म्हणजे हेतू होता' असं म्हणायची सोय उरलेली नाही. माझ्या मते हे बरंच झालं.

सर्वांत जुनी हत्यारं कुठली?

केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला लोमेक्वी इथली, ३३ लाख वर्षांपूर्वीची. सोनिया हारमांड यांच्या गटाने ती २०१५ मध्ये जाहीर केली. ती मोठी आणि ओबडधोबड आहेत. त्यांच्या वयाबद्दल आणि थराबद्दल काही संशोधकांनी शंकाही घेतल्या आहेत. त्यानंतरची, ज्यांच्याबद्दल फारसा वाद नाही अशी, इथिओपियातल्या गोना इथली, सुमारे २६ लाख वर्षांची. हातकुऱ्हाडी, म्हणजे दोन्ही बाजूंनी छिलके काढून थेंबासारख्या आकाराला आणलेली, हातात धरायची हत्यारं, आली ती आणखी बऱ्याच उशिरा, साधारण साडेसतरा लाख वर्षांपूर्वी, पूर्व आफ्रिकेतच.

आणि भारतात? महाराष्ट्रात?

भारतातली सुरुवात ३० मे १८६३ ची. भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरमला एक हातकुऱ्हाड मिळाली. त्याच वर्षी त्यांना आणि विल्यम किंग यांना तमिळनाडूतलंच अत्तिरमपाक्कम हे ठिकाण सापडलं. तिथे शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननातल्या सर्वांत जुन्या हातकुऱ्हाडींचं वय सुमारे १५ लाख वर्षं निघालं, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं.

महाराष्ट्रात या अभ्यासाचा पाया घातला पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या ह. धी. सांकलिया यांनी. नाशिकजवळ गोदावरीकाठचं गंगापूर आणि अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेकाठचं नेवासे ही त्यांची दोन महत्त्वाची ठिकाणं. ज्ञानेश्वरीमुळे घराघरांत माहीत असलेलं नेवासे पुरातत्त्वज्ञांना वेगळ्याच कारणाने माहीत आहे: तिथल्या चर्ट-जास्परच्या तासण्या आणि टोचे इतके ठळक आहेत, की भारतातल्या मध्य पुराश्मयुगाला, म्हणजे हातकुऱ्हाडींनंतरच्या लहान हत्यारांच्या काळाला, सांकलियांनी एकेकाळी 'नेवासियन' असं नाव दिलं होतं. जवळच चिरकी इथे गुडरुन कॉर्व्हिनस या जर्मन विदुषीने १९६६ ते १९६९ या काळात उत्खनन केलं आणि हातकुऱ्हाडींचा मोठा साठा उजेडात आणला.

पुणे जिल्ह्यात कुकडी नदीवर बोरी आहे, कऱ्हेच्या खोऱ्यात मोरगाव आहे. हो, अष्टविनायकातलं तेच मोरगाव. जळगाव जिल्ह्यात पाटणे आहे. आणि मुंबईकरांना खरं वाटत नाही, पण कांदिवलीतही दगडी हत्यारं सापडली होती. टॉड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावरचा लेख १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. आज तिथे इमारती आहेत.

सह्याद्रीत काळ्या दगडाला तोटा नाही. मग आदिमानवाला दगड निवडायची गरज काय होती?

गरज होती, आणि 'वागणं' म्हणतात ते इथूनच दिसायला लागतं. दख्खनचा बराचसा बेसॉल्ट हत्यारांसाठी निकामी आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्यांत नंतर इतर खनिजं भरली. असा दगड फोडला तर कुठेही तुटतो. धार धरणारा, घट्ट दगड मिळतो तो मुख्यतः डाइकमध्ये, म्हणजे जुन्या लाव्हाच्या थरांना चिरून उभ्या घुसलेल्या आणि तिथेच गोठलेल्या भिंतींमध्ये. महाराष्ट्रातल्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या (टोकाऐवजी रुंद, सरळ धार असलेली हत्यारं) पाहिल्या तर त्या करणाऱ्यांनी हाच दगड शोधून घेतलेला दिसतो. भूगोलाचं पुस्तक नसताना दगडांतला फरक त्यांना हाताला कळत होता.

पुढे मध्य पुराश्मयुगात कल बदलतो. मोठ्या बेसॉल्टी हत्यारांची जागा चर्ट, जास्पर, अकीक यांच्या लहान हत्यारांनी घेतली. हे दगड मिळतात लहान गाठींच्या रूपात, त्यामुळे ते वाया न घालवता फोडायचे तर छिलक्याचा आकार आधीच मनात धरून गाभा तयार करावा लागतो. दगड बदलला तसं काम करायचं तंत्रही बदललं. यातलं आधी काय आणि नंतर काय, यावर बोलायला लागलो तर हे पान संपणार नाही.

दगड किती लांबून आणला हेही बोलकं असतं. केनियातल्या ओलोर्गेसाइली इथे ज्वालामुखी काचेची, म्हणजे ऑब्सिडियनची, तीन लाखांहून अधिक वर्षांपूर्वीची हत्यारं मिळाली. ती काच २५ ते ५० किलोमीटर किंवा त्याहूनही लांबून आली होती. एवढ्या लांबचा दगड वारंवार हाती येतो तेव्हा दोन शक्यता उरतात: माणसं तेवढी फिरत होती, किंवा शेजारच्या टोळीशी देवाणघेवाण होती. संशोधकांचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे.

हातकुऱ्हाड नक्की कशासाठी वापरत?

या प्रश्नाचं एका शब्दातलं उत्तर कुणी दिलं तर सावध व्हा. इंग्लंडमधल्या बॉक्सग्रोव्ह इथे सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी एक घोडा कापला गेला. त्याच्या हाडांवर दगडी धारेचे चरे आहेत आणि आजूबाजूला हातकुऱ्हाडी करताना पडलेले छिलके आहेत. तिथे उत्तर स्पष्ट आहे: मांस. दुसरीकडे लाकूड तासणं, कंद उकरणं, हाड फोडून मगज काढणं हेही जमतं. आणि हातकुऱ्हाड संपत आली की तिच्यावरूनच नवे छिलके काढता येतात, म्हणजे ती हत्यारही होती आणि कच्चा मालही.

१९९९ मध्ये अशीही कल्पना मांडली गेली, की सुबक हातकुऱ्हाडी मादीवर छाप पाडण्यासाठी नर बनवत असावेत. वर्तमानपत्रांना ती फार आवडली. तिच्या बाजूने पुरावा काय, असं विचारलं तर 'काही हातकुऱ्हाडी गरजेपेक्षा जास्त देखण्या आहेत' यापलीकडे फारसं हाती लागत नाही.

खरं कोडं निराळं आहे. जवळपास हाच आकार पंधरा लाखांहून अधिक वर्षं, आफ्रिकेपासून भारतापर्यंत आणि युरोपातही टिकला. पाहून शिकणं, आकाराची सवय लागणं, हाताच्या ठेवणीमुळे आणि दगडाच्या गुणामुळे तोच आकार पुन्हापुन्हा येणं, असे अनेक खुलासे आहेत. शिकणं आणि शिकवणं त्यात होतंच, असं मला वाटतं. एवढं तंत्र प्रत्येक पिढीने नव्याने शोधून काढलं असेल हे पटत नाही.

उत्खननात बारीकसारीक छिलके चाळून का काढतात? चांगली हत्यारं घेऊन बाकीचं टाकून दिलं तर?

शंभर वर्षांपूर्वी तसंच करत. त्यामुळे जुन्या संग्रहालयांत सुंदर हातकुऱ्हाडींच्या रांगा आहेत आणि त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार थोडं आहे. या विषयातली माझी सर्वांत ठाम समजूत हीच: देखणं हत्यार माहिती कमी देतं, कचरा जास्त देतो. हत्यार माणूस बरोबर नेतो, दुसरीकडे वापरतो, तिसरीकडे टाकतो. छिलके जिथे काम झालं तिथेच पडतात. कुणाच्या घरी काय शिजलं हे केराच्या डब्यातल्या सालींवरून कळावं, तसं.

कर्नाटकातलं इसामपूर याचं आपल्या जवळचं उत्तम उदाहरण आहे. हुणसगी खोऱ्यातल्या या जागी डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्खनन सुरू केलं. इथे चुनखडकाच्या फरशीसारख्या लाद्या जमिनीलगत उघड्या पडलेल्या आहेत. आदिमानव तिथे यायचा तो दगडासाठी. जागेवर सापडलं ते सगळंच: ठोके द्यायला आणलेले कठीण गोटे, कडा फोडून सोडून दिलेल्या लाद्या, मोठे छिलके, अर्धवट हातकुऱ्हाडी, पुऱ्या झालेल्या फरश्या आणि भरपूर चुरा. पातळ लादी मिळाली तर कडा फोडून थेट हातकुऱ्हाड, जाड लादी मिळाली तर आधी मोठा छिलका काढायचा आणि त्याची फरशी करायची, असे वेगवेगळे मार्ग त्यातून उलगडले. ठोक्याचे गोटे मात्र चुनखडकाचेच नव्हते; त्यांत बेसॉल्ट, चर्ट आणि क्वार्ट्झाइटही होते. म्हणजे इथे येताना काय लागेल याचा विचार आधी झालेला होता. थरातल्या प्राण्यांच्या दातांवरून या जागेचं वय सुमारे १२ लाख वर्षं काढलं आहे.

याहून सूक्ष्म काम म्हणजे छिलके परत गाभ्यावर जुळवणं. केनियातल्या लोकालालेई इथे २३ लाख वर्षांपूर्वीचे छिलके असे जुळवले गेले. एकाच गोट्यावरून डझनावारी छिलके काढले होते आणि तेही कोन बिघडू न देता, एका पद्धतीने. तोवर त्या काळातल्या मानवाला 'दगड कसाही आपटणारा' समजत. बॉक्सग्रोव्हला तर छिलके जुळवल्यावर मधे पोकळी उरली, हातकुऱ्हाडीच्या आकाराची. हातकुऱ्हाड तिथून कुणीतरी उचलून नेली होती.

आता आपल्याकडची अडचण. महाराष्ट्रातली बरीचशी जुनी हत्यारं नदीच्या गोट्यांच्या थरात मिळतात. पुराने हलके छिलके वाहून नेले, जड हातकुऱ्हाडी मागे राहिल्या. तिथे लहान छिलके नाहीत म्हणून 'हत्यारं दुसरीकडे बनवून इथे आणली' असा निष्कर्ष काढला तर तो माणसाबद्दलचा नसून पाण्याबद्दलचा ठरेल. हत्याराच्या कडा गुळगुळीत झाल्यात का, हे आधी बघायचं ते यासाठी.

एखाद्या पात्याने मांस कापलं की गवत, हे खरंच सांगता येतं?

बऱ्याचदा येतं. सोव्हिएत संशोधक सर्गेई सेम्योनोव यांनी १९५७ मध्ये दाखवलं, की वापराने धारेवर सूक्ष्म चरे आणि चकाकी येते. पुढे लॉरेन्स कीली या अमेरिकन संशोधकाने जास्त शक्तीच्या सूक्ष्मदर्शकाखाली मांस, कातडं, लाकूड, हाड, गवत यांची चकाकी वेगवेगळी दिसते असं सांगितलं आणि ते तपासायला अंधपरीक्षाही दिली: दुसऱ्याने वापरलेली पाती, वापर न सांगता, त्याच्यापुढे ठेवली. बहुतेक उत्तरं बरोबर आली, सगळी नाही.

१९८१ मध्ये कीली आणि निकोलस टॉथ यांनी केनियातल्या कूबी फोरा इथली १५ लाख वर्षांपूर्वीची ५६ हत्यारं तपासली. वापराच्या खुणा फक्त नवांवर होत्या. काहींनी मांस कापलेलं, काहींनी लाकूड, काहींनी गवतासारख्या वनस्पती. लाकडाचा एक तुकडाही तिथे शिल्लक नाही, पण लाकूडकाम होत होतं हे छिलक्यांनी सांगितलं. त्यातले बरेचसे साधे छिलके होते, ज्यांना जुन्या पद्धतीत कुणी हत्यार म्हटलंच नसतं.

बेसॉल्टवर मात्र हे तंत्र फारसं चालत नाही. त्याचा पृष्ठभाग हवापाण्याने झिजतो, त्यावर साय धरते आणि चकाकी गेलेली असते.

संशोधक स्वतः दगड फोडून बघतात, ते हौस म्हणून?

हौस असतेच, बोटंही कापतात. पण त्याशिवाय कोणती खाच चुकीची आणि कोणती मुद्दाम, हे कळत नाही. फ्रान्सचे फ्रांस्वा बोर्द स्वतः उत्तम हत्यारं घडवायचे.

भारतात तर जिवंत कारागिरी आहे. गुजरातेतल्या खंभातचे अकीकाचे कारागीर जमिनीत तिरप्या रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवतात आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने वरून ठोका देतात. फ्रेंच संशोधक व्हॅलेंटीन रू यांनी या कारागिरांबरोबर प्रयोग केले. कसबी कारागीर आणि शिकाऊ यांच्यातला फरक योजना सांगता येण्यात फारसा नसतो. तो असतो ठोक्याच्या नियंत्रणात, आणि तो यायला वर्षं जातात. आदिमानवाच्या 'बुद्धी'बद्दल बोलताना आपण हात विसरतो, ते असं.

प्राण्यांवरही प्रयोग झाले. कांझी नावाच्या बोनोबोला १९९० पासून दगड फोडायला शिकवलं. दोरी कापून खाऊ मिळवण्यापुरते छिलके तो काढू लागला, पण गोनाच्या छिलक्यांइतकी सफाई त्याला साधली नाही.

हत्यारांचा प्रकार वेगळा म्हणजे माणसांची जमात वेगळी, असं म्हणता येईल का?

या प्रश्नावर एक अख्खी पिढी भांडली. नैऋत्य फ्रान्समधल्या निअँडरथल काळातल्या थरांत हत्यारांचे संच निरनिराळे मिळतात. बोर्द म्हणाले, या वेगवेगळ्या परंपरांच्या टोळ्या. अमेरिकेचे लुइस बिनफर्ड १९६० च्या दशकात म्हणाले, छे, माणसं तीच, कामं वेगळी: इथे मांस कापलं, तिथे कातडं कमावलं. मग १९८० च्या दशकात हॅरॉल्ड डिबल यांनी दोघांच्याही पायाखालची जमीन काढली. तासणीची धार बोथट झाली की ती परत लावतात. परत लावली की आकार बदलतो. एका कडेची तासणी पुढे दोन कडांची होते, मग टोकदार होते. आपण ज्यांना वेगवेगळे प्रकार म्हणून मोजत होतो, त्यातल्या काही एकाच हत्याराच्या आयुष्यातल्या अवस्था होत्या.

म्हणून 'अमुक हत्यार म्हणजे अमुक मानव' हे समीकरण मी सहसा मानत नाही. अत्तिरमपाक्कमला मध्य पुराश्मयुगाचं तंत्र ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी सुरू झाल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. त्याआधी, हे तंत्र आधुनिक मानवाने सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेतून भारतात आणलं असं अनेकजण मानत. अत्तिरमपाक्कमला मानवी हाड एकही नाही. तेव्हा बनवणारा कोण, यावर दगडांकडून उत्तर काढायचा हट्ट धरू नये.

दगडाचं वय कसं काढतात? कार्बन चाचणीने?

नाही. कार्बन चाचणी सजीवांच्या अवशेषांवर चालते आणि सुमारे ५० हजार वर्षांच्या मागे तिचा उपयोग संपतो. शिवाय दगडाचं स्वतःचं वय आपल्याला नकोच असतं. दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा आहे. हवं असतं ते हत्यार ज्या थरात गाडलं गेलं त्याचं वय. वाळूच्या कणांनी शेवटचं ऊन कधी पाहिलं, यावरून ते काढता येतं. थरातली चुंबकीय दिशा आजच्या उलट असेल तर तो थर बहुधा ७ लाख ८० हजार वर्षांहून जुना. मोरगावच्या हत्यारांना जुनं मानतात ते याच आधाराने.

बोरीची कथा मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी. तिथे हत्यारांच्या जोडीने ज्वालामुखीची राख मिळाली, तेव्हा वय ठरवायला याहून चांगलं काय हवं, असं सगळ्यांना वाटलं. पहिलं उत्तर आलं १४ लाख वर्षं. दुसऱ्या पद्धतीने ६ लाख ७० हजार. मग काही रसायनतज्ज्ञ म्हणाले, ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची राख आहे. राख पाण्याने वाहून पुन्हा साचली का, तिच्यात जुने कण मिसळले का, यावर वाद चालू राहिला.

सूक्ष्मास्त्रं एवढीशी, नखाएवढी. त्यांनी काय होणार?

एकट्याने काहीच नाही. ती लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्यात डिंकाने ओळीने बसवत. एक तुटलं तर तेवढंच बदलायचं. बाण, विळा, सुरी हे सगळं त्यातून होतं. यातून दिसणारं वागणं म्हणजे जोडकाम: दगड एकीकडून, दांडा दुसरीकडून, डिंक तिसरीकडून आणून आधी मनात एकत्र करायचा. मध्य प्रदेशात मेहताखेडीला ही सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीची आहेत. पाटणे इथे स. अ. साळी यांच्या उत्खननात उत्तर पुराश्मयुगातली, म्हणजे मध्य पुराश्मयुगाच्या नंतरच्या काळातली, पाती तर मिळालीच, शिवाय शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. खानदेशात तेव्हा शहामृग होते.

हत्यारं पुरुषच बनवत असत ना?

दगडावर तसं लिहिलेलं नसतं. चित्रांत दाढीवाला पुरुष दाखवायची सवय आपली. इथिओपियातल्या कोन्सो समाजात कातडं कमावणाऱ्या बायका स्वतः दगडी तासण्या घडवतात आणि लेकींना ते काम शिकवतात, हे आपल्याच काळात नोंदलेलं आहे.

त्यांना भाषा येत होती का?

हत्यारांवरून थेट सांगता येत नाही. हत्यार घडवताना मेंदूचे कोणते भाग काम करतात हे आजच्या माणसांवर पाहिलं गेलं आहे. हातकुऱ्हाडीसारखं टप्प्याटप्प्याचं काम करताना जागे होणारे काही भाग भाषेच्या भागांशी जुळतात. ही जवळीक आहे, सिद्धता नव्हे.

कोकणातली कातळशिल्पं आणि दगडी हत्यारं एकाच लोकांची का?

जागा एक म्हणून काळ एक होत नाही. जांभ्याच्या सड्यावर हत्यार पडलेलं सापडलं आणि शेजारी शिल्प असलं, तरी दोघांमध्ये हजारो वर्षं असू शकतात. थरात गाडलेला पुरावा मिळेपर्यंत दोन्ही वेगवेगळी मोजावीत.

तांबं आल्यावर दगड सुटला का?

मुळीच नाही. शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगावला ताम्रपाषाण काळातले शेतकरी राहत, साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७००. तांबं होतं, पण थोडं आणि महाग. रोजच्या कापाकापीला अकीकासारख्या दगडाची सरळ पाती होती. आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेल्या हिममानवाकडे, ओत्झीकडे, तांब्याची कुऱ्हाड होती आणि चकमकीच्या दगडाची हत्यारंही होती. २०१८ च्या अभ्यासात दिसलं, की त्याने ती पुन्हापुन्हा धार लावून जवळजवळ संपवली होती. डोंगरात ऐनवेळी नवा दगड मिळाला नसावा.

माझ्या शेतात असा दगड सापडला तर काय करू?

पहिलं म्हणजे लगेच उचलू नका. दगड कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होता हे एकदा गेलं की परत मिळत नाही. जागेवरच फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा, मोबाइलवरून ठिकाणाची नोंद घ्या. आजूबाजूला लहान छिलके दिसतात का ते बघा, पण खणू नका. परवानगीशिवाय पुरातत्त्वीय उत्खनन करता येत नाही. धुऊ नका, घासू तर अजिबात नका, धारेवरच्या सूक्ष्म खुणा त्यानेच जातात. मग राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू परदेशी नेता येत नाहीत आणि परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही, तेव्हा ऑनलाइन 'आदिमानवाची कुऱ्हाड' विकणाऱ्यांपासून लांब राहा.

विहीर किंवा शेततळं खणताना, रस्त्याला मुरूम काढताना असे थर उघडे पडतात आणि आठवड्याभरात नाहीसेही होतात. त्यामुळे कळवायचं असेल तर पाऊस पडायच्या आत कळवा.